नगरचे ह्यूमसाहेब

ह्यूम म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या इतिहासातले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आठवतात. १८८५ साल, राष्ट्रीय सभेची स्थापना, रिकाम्या जागा भरा, एक मार्क. मी ज्या ह्यूमबद्दल लिहिणार आहे ते हे नव्हेत. ते ब्रिटिश, हे अमेरिकन. ते सरकारी अधिकारी, हे पाद्री. त्यांचे नाव पुस्तकात गेले, यांचे नाव आमच्या नगरमध्ये राहिले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण जुन्या गोष्टी सांगताना मी नगरच म्हणणार, तेवढी सवलत द्या. तर या नगरमध्ये ह्यूम मेमोरियल चर्च आहे आणि ते ज्यांच्या नावाने आहे ते रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म मुंबईचा, शिक्षण अमेरिकेतले आणि आयुष्याची बावन्न वर्षे नगर जिल्ह्यात.

आता मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, मला हा उद्योग कशाला? सांगतो. आमचे गाव पारनेर तालुक्यात, आडनाव अस्सल मराठी आणि धर्म ख्रिश्चन. हॉस्टेलवर नवीन ओळख झाली की तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतोच, की तुम्ही मूळचे कोण? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसते, पण उत्तर देताना आपली मात्र तारांबळ उडते. आमच्या घराण्यातले पहिले ख्रिस्ती म्हणजे माझे खापरपणजोबा. १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गेले आणि हा आठ-नऊ वर्षांचा पोरगा मिशनच्या आश्रयाला आला. घरात या गोष्टीबरोबर एकच मोठे नाव येते, ह्यूमसाहेब. आजी तर ते नाव असे घेते की जणू आमचेच कोणी थोरले आजोबा. म्हटले बघू तरी, हा माणूस कोण होता, त्याचे आईबाप कोण, पोरेबाळे कोण. आपल्याच वंशावळीत मागे जाता येत नाही तर निदान यांच्या तरी वंशावळीत जाऊन बघू.

शोधायला बसलो आणि पहिल्याच दिवशी गोंधळ. एक नव्हे, तीन रॉबर्ट ह्यूम सापडले. रॉबर्ट विल्सन, रॉबर्ट ॲलन आणि रॉबर्ट अर्नेस्ट. बाप, मुलगा आणि नातू. तिघांचाही भारताशी संबंध आणि तिघांच्याही नावापुढे रेव्हरंड. शेवटी ड्रॉइंग शीट घेऊन चौकटी आखल्या तेव्हा कुठे उलगडा झाला. काढायला गेलो फॅमिली ट्री आणि निघाले सर्किट! कारण नगरमधली अमेरिकन घराणी एकमेकांत इतकी लग्ने करून बसली होती, की एक वायर ओढली तर चार घरांचे दिवे लागावेत.

सुरुवात थोरल्या रॉबर्टपासून करू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली परदेशात धर्मप्रचारक पाठवण्यासाठी एक संस्था निघाली. तिला सगळे अमेरिकन बोर्ड म्हणत. या बोर्डाची माणसे १८१३ मध्ये मुंबईला आली आणि १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे टाकले. हेच पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखले गेले. या मिशनमध्ये १८३९ साली रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना दाखल झाली. त्या काळी सुएझ कालवा नव्हता, आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने यायला चार-चार, पाच-पाच महिने लागत. त्याच वर्षी नगरला आलेल्या आणखी एक बाई तुम्हाला ठाऊक असतील, मिस सिंथिया फरार. त्यांची नगरमधली मुलींची शाळा बघूनच जोतीराव फुल्यांना १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. म्हणजे काळ कोणता हे लक्षात आले असेल.

थोरले ह्यूम मुंबईत राहिले. मिशनचे 'ज्ञानोदय' नावाचे मराठी नियतकालिक १८४२ साली नगरमध्ये सुरू होऊन पुढे मुंबईला गेले होते, त्याचे संपादन ते करत. १८ मार्च १८४७ रोजी मुंबईत त्यांना मुलगा झाला, तोच आपला रॉबर्ट ॲलन. मुलगा सात वर्षांचा असताना, १८५४ मध्ये, वडिलांची तब्येत पार ढासळली. सगळे कुटुंब अमेरिकेला निघाले आणि वाटेत समुद्रातच वडील वारले. हॅनाबाई मुलांना घेऊन एकट्या अमेरिकेत उतरल्या. ज्या देशाला मुले आपला देश म्हणणार होती तो त्यांनी धड पाहिलेला नव्हता, आणि जिथे ती वाढली तो मागे राहिला. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात आपल्यापैकी किती जण रडले ते आठवा, आणि मग या सात वर्षांच्या मुलाचा विचार करा.

आईने मुलांना शिकवले. रॉबर्ट १८६८ मध्ये येलमधून पदवीधर झाला, मग धर्मशास्त्र शिकला, शेवटी अँडोव्हर नावाच्या गावच्या सेमिनरीत. हे अँडोव्हर लक्षात ठेवा, पुढे त्यावरून रामायण होणार आहे. १८७४ साली सत्ताविसाव्या वर्षी तो पाद्री झाला, त्याच वर्षी लग्न केले आणि त्याच वर्षी बायकोला घेऊन नगरला हजर. वर्षभराने धाकटा भाऊ एडवर्डही आला, त्याने पुढे मुंबईत भायखळ्याची शाळा सांभाळली. ज्या देशाने बाप नेला त्याच देशात दोन्ही मुले परत आली. येल पास झालेल्या माणसाला अमेरिकेत नोकरी मिळाली नसती असे नाही. यादवी युद्ध संपले होते, रेल्वे चौफेर पसरली होती. पण ह्यूम यांनी नगर निवडले, जिथे तेव्हा रेल्वेसुद्धा पोचली नव्हती. दौंड-मनमाड लाईन सुरू झाली ती १८७८ मध्ये.

आता बायकोची गोष्ट ऐका, कारण इथून सर्किट सुरू होते. तिचे नाव ॲबी लायन बर्जेस. तिचे वडील एबेनेझर बर्जेस हेसुद्धा १८३९ सालीच आपल्याकडे आलेले मिशनरी, नगरला आणि नंतर साताऱ्याला काम केलेले. आल्यावर मराठी शिकता शिकता ते संस्कृतकडे वळले आणि तिथून थेट ज्योतिषशास्त्राकडे. 'सूर्यसिद्धान्त' या आपल्या प्राचीन खगोलग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ग्रहांच्या गती, ग्रहणाची गणिते, ज्यांची कोष्टके (म्हणजे आपले साइन टेबल) हे सगळे एका पाद्रीबुवांनी समजून घेऊन इंग्रजीत नेले, आणि आजही त्या ग्रंथाचा अभ्यास करणारा त्यांचे भाषांतर उघडतो. ॲबीची आई ॲबिगेल मूर ही अमेरिकेत मुलींच्या उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्या मेरी लायन यांच्या नात्यातली आणि त्यांची सहकारी. मुलीच्या नावातले लायन तिथून आले. ती आईसुद्धा भारतातच वारली, १८५३ साली.

नगरला पाय ठेवून दोन वर्षे होतात न होतात तोच १८७६ चा मोठा दुष्काळ पडला. तो दोन वर्षे हटला नाही. दुष्काळ सरता सरता, १८७८ मध्ये, ह्यूम यांनी नगरला थिऑलॉजिकल सेमिनरी काढली. मराठी माणसांनीच मराठीतून धर्मोपदेशक व्हावे, अमेरिकेतून किती दिवस माणसे आणायची, असा त्यामागे विचार होता. विद्यार्थी बहुतेक खेड्यापाड्यातले, त्यातही महार आणि मांग समाजातले जास्त. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते त्यांना इथे बाकावर बसून व्याख्यान ऐकता येत होते. १८८१ मध्ये ॲबी वारली. पदरात लहान मुले, अंगावर सेमिनरी आणि खेड्यांवरच्या शाळा. चार वर्षे कशीबशी काढून ह्यूम लांब रजेवर अमेरिकेला गेले.

आणि तिथे तो खटका उडाला, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

त्या वेळी अमेरिकेतल्या चर्चमध्ये एका प्रश्नावरून रण माजले होते. प्रश्न असा, की ज्या माणसाने आयुष्यात कधी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही आणि तो तसाच मेला, त्याचे पुढे काय? जुन्या मंडळींचे उत्तर सरळ होते. विश्वासाशिवाय मेला तो कायमचा बुडाला, नरकात गेला. अँडोव्हर सेमिनरीतल्या काही प्राध्यापकांना हे पटेना. देव न्यायी असेल तर ज्याला संधीच मिळाली नाही त्याला मरणानंतर तरी ती मिळत असली पाहिजे, असा त्यांचा तर्क. आपल्या भाषेत सांगायचे तर पेपरच हातात पडला नाही त्याला नापास कसे करणार? या मतावरून अँडोव्हरच्या पाच प्राध्यापकांवर रीतसर चौकशी बसली.

अमेरिकन बोर्डाला हे मत म्हणजे मुळावर घाव वाटला. त्यांचे लॉजिकही समजून घेण्यासारखे आहे. मेल्यावर संधी मिळणारच असेल तर हजारो मैलांवर मिशनरी पाठवायचे कशाला? आणि लोक वर्गणी तरी का देतील? म्हणून या मताच्या तरुणांना परदेशी पाठवायचेच नाही असे धोरण बोर्डाच्या कमिटीने ठेवले होते.

अशा तापलेल्या वातावरणात १८८६ च्या उन्हाळ्यात अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला आणि रजेवर आलेले ह्यूम तिथे बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की हे मत भारतातल्या कामाला मारक नाही, उलट उपयोगी आहे. का, ते नगरच्या माणसाला सांगायला नको. खेड्यातला माणूस ख्रिस्ती व्हायला आला की त्याचा जीव स्वतःपेक्षा मागे गेलेल्यांत अडकलेला असतो. माझ्या आईचे काय, बापाचे काय, आज्याचे काय? जो समाज दरवर्षी पितृपंधरवड्यात कावळ्याला पान वाढून गेलेल्यांची आठवण काढतो, त्याला तुमचे सगळे पूर्वज नरकात आहेत असे सांगणे म्हणजे काय, हे बॉस्टनच्या ऑफिसात बसून कळत नाही. नगरला बारा वर्षे काढलेल्या माणसाला ते कळत होते.

भाषण छापून आले आणि कमिटीने ह्यूम यांची परत जाण्याची परवानगी अडवली. म्हणजे बघा, बारा वर्षांची नोकरी, स्वतः काढलेली संस्था, नगरमधले घर, बायकोची आठवण, सगळे एका भाषणापायी लटकले. वय चाळिशीला टेकलेले आणि मुले आईवेगळी. दोन ओळींचा माफीनामा लिहून दिला असता तर प्रकरण मिटले असते. ह्यूम यांनी तो दिला नाही. हे मत मी सिद्धान्त म्हणून शिकवत नाही, पण आशा म्हणून सोडणारही नाही, अशी साधारण त्यांची भूमिका राहिली. त्या वर्षी बोर्डाची वार्षिक सभा डेमॉइन शहरात भरली, तिथे या विषयावर खडाजंगी झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अखेर १८८७ मध्ये कमिटीने त्यांना परत पाठवायचे ठरवले आणि ह्यूम नगरला आले.

मी हे वाचले तेव्हा माझ्या खापरपणजोबांचे आईबाप डोळ्यांसमोर आले. दुष्काळात गेलेली ती दोघे. लहानपणी मी आजीला विचारले होते, की आपण सगळे मेल्यावर देवाघरी जाणार, मग ती दोघे कुठे असतील? आजीने एका क्षणाचाही विचार न करता सांगितले, की ती तर आपल्या आधीच पोचली आहेत. आजी चौथीपर्यंत शिकलेली. अँडोव्हर कुठे आहे हे तिला ठाऊक नाही, १८८६ चा वाद तर नाहीच नाही. पण तिच्या त्या उत्तरासाठी एका माणसाने कधीकाळी आपली नोकरी पणाला लावली होती, हे मला आता कळले. आपल्या बापजाद्यांसाठी भांडणारी माणसे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या बापजाद्यांसाठी स्वतःच्या साहेबांशी भांडणारा असा एखादाच.

परत आल्यावर १८८७ मध्येच ह्यूम यांनी दुसरे लग्न केले, केटी फेअरबँकशी. पुन्हा सर्किट! केटीचे वडील सॅम्युअल फेअरबँक हे १८४६ पासून इथे आणि पुष्कळ वर्षे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला मुक्कामी. औरंगाबाद रोडने जाताना वडाळा बहिरोबा लागते, तेच गाव. फेअरबँकसाहेबांना पक्ष्यांचे आणि गोगलगाईंचे भारी वेड. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपास जमवलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून आली. या नियतकालिकाचे संपादक कोण असतील? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम! एका मार्काचे ह्यूमसाहेब पक्षिशास्त्रातही मोठे होते आणि असे मागच्या दाराने आमच्या गोष्टीत आले. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे, तो मान आमच्या वडाळ्याच्या साहेबांचा.

केटीची आई मेरी ही हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी. बॅलंटाइन १८३५ साली आले, 'ज्ञानोदय' सुरू करणाऱ्यांपैकी ते एक, आणि मराठी उपासनेत म्हटली जाणारी कितीतरी गीते त्यांनी रचली. १८६५ मध्ये मायदेशी जाताना तेही समुद्रातच वारले, ह्यूम यांच्या वडिलांसारखेच. त्यांचा मुलगा विल्यम डॉक्टर होऊन राहुरीला राहिला. म्हणजे केटी ही नगर जिल्ह्यातली तिसरी पिढी. ती अमेरिकन म्हणायची की नगरकर, हे तुम्हीच ठरवा. आमच्या हॉस्टेलवर पुण्यात दोन पिढ्या झालेली पोरे स्वतःला पक्की पुणेकर म्हणवून घेतात.

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. वेस्टिंगहाऊस कंपनीने टेस्लाच्या एसी करंटवर तिथे हजारो दिवे लावले, पहिले फेरिस व्हील तिथेच फिरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद जगाला माहीत झाले. त्याच परिषदेत आमचे ह्यूमही बोलले. विषय होता हिंदू आणि ख्रिस्ती विचार कुठे जुळतात आणि कुठे वेगळे होतात. पुढच्या वर्षी स्वामीजी डेट्रॉइटला असताना दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि तो वर्तमानपत्रांत आला. मिशनऱ्यांच्या कामावर स्वामीजींनी टीका केली होती, ह्यूम यांना ती एकतर्फी वाटत होती. दोघेही भारतात जन्मलेले आणि भारताबद्दल अमेरिकेत वाद घालणारे, असे ते चित्र. त्यात कोणाची बाजू घ्यायची ते ज्याने त्याने ठरवावे, पण वाद पत्राने आणि नावानिशी झाला, एवढे मला आवडले.

नगरचा मिशन कंपाउंड मराठी वाचकांना माहीत झाला तो मात्र ह्यूम यांच्यामुळे नव्हे, तर टिळक पतिपत्नींमुळे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला ह्यूम यांच्या सेमिनरीत शिकवू लागले. लक्ष्मीबाई नंतर आल्या, आणि त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मधून त्या वेळचे नगर, तिथली मिशनची माणसे आणि ह्यूमसाहेब आपल्याला भेटतात. ज्यांनी ते पुस्तक अजून वाचले नसेल त्यांनी लायब्ररीतून आजच काढावे, सबमिशनच्या आठवड्यात फार उपयोगी पडते, निदान हसायला तरी.

मग आले दुष्काळ. १८९६-९७ चा एक, मधे प्लेग, आणि लगेच १८९९-१९०० चा. शेवटचा सगळ्यांत वाईट. ह्यूम तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांचे. अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी काढली, आणि १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईला आले. ही मदत वेगवेगळ्या मिशनांत वाटण्यासाठी जी समिती झाली तिचे चिटणीसपद ह्यूम यांच्याकडे होते. चिटणीस म्हणजे हिशेब. किती आले, कुठे गेले, कोणाला मिळाले, याचा कागद न् कागद. आपल्याकडे गॅदरिंगच्या हिशेबावरून दरवर्षी काय होते ते आठवले की या कामाची कल्पना येईल. १९०१ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहायला हवी. दुष्काळात मिशनने जी मुले सांभाळली ती ख्रिस्ती म्हणून वाढवली गेली. माझे खापरपणजोबा त्यांतलेच. भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला, अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते, आणि ती मला हॉस्टेलवरही ऐकायला मिळाली आहे. मी यावर पुष्कळ विचार केला. आठ वर्षांच्या मुलाला धर्म निवडायला सांगणे शक्य नव्हते, हे खरे. त्याला जेवायला घालणारे दुसरे कोणी त्या दिवशी दारात नव्हते, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि एक लपवून दुसरी सांगणे बरोबर नाही. ज्या माणसाने या मुलाला जगवण्याच्या कामात भाग घेतला, त्याच माणसाने त्याच्या मेलेल्या आईबापांना नरकात ढकलायला नकार दिला होता. माझ्यासाठी हिशेब इथे जुळतो. कोणाचा वेगळा जुळत असेल तर त्याच्याशी मेसमध्ये बसून बोलायची माझी तयारी आहे.

दुष्काळातून नगरमध्ये जे उभे राहिले त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पोरक्या मुलांना हाताला काम हवे म्हणून मिशनने औद्योगिक शिक्षणावर जोर दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर नगरला आले आणि त्यांनी हातमागात सुधारणा करून वेगाने चालणारा माग बनवला. चर्चिल माग म्हणून तो नावाजला गेला. आपल्या वर्कशॉपच्या जर्नलमध्ये या माणसाला एखादे पान मिळायला हरकत नव्हती.

ह्यूम यांची पुस्तके दोन महत्त्वाची. १९०५ साली मिशनच्या कामाकडे नव्या दृष्टीने बघणारे एक आणि १९११ मध्ये भारताच्या धार्मिक इतिहासाचा अर्थ लावणारे दुसरे. दुसऱ्याच्या धर्मातले चांगले आधी शिका आणि मग बोला, हा दोन्हींचा सूर. हा सूर त्यांच्या घरात नीट उतरला. ॲबीचा मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट, म्हणजे आपला तिसरा रॉबर्ट, न्यूयॉर्कला धर्मांच्या इतिहासाचा प्राध्यापक झाला. त्याने तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२१ साली ऑक्सफर्डने छापले. आजोबांनी सूर्यसिद्धान्त नेला, नातवाने उपनिषदे. मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परत आली आणि मिशनच्या दवाखान्यात तिने बायकांवर उपचार केले. तो दवाखाना पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि आज नगरकर त्याला बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखतात. भाऊ एडवर्डचा मुलगा एडवर्ड हिक्स, जन्म नगरचा, १८७६ चा. तोही डॉक्टर झाला आणि चीनमध्ये चांगशा शहरात त्याने येलच्या वतीने रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभारले.

रॉबर्ट ॲलन ह्यूम १९२६ मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि १९२९ साली तिथे वारले. वय ब्याऐंशी. सात वर्षांचा असताना ज्या देशात बापाविना उतरले होते तिथेच शेवट झाला, पण मधली बावन्न वर्षे आमची.

माझी ड्रॉइंग शीट आता भरली आहे. चार घराणी, तीन रॉबर्ट, दोन समुद्रातली मरणे, एक पक्षी. सगळ्यांत खाली डाव्या कोपऱ्यात मी एक चौकट वेगळी काढली आहे. तिला कोणाचीच रेघ जोडलेली नाही, कारण रक्ताचे नाते नाही. त्या चौकटीत माझ्या खापरपणजोबांचे नाव आहे आणि त्यांच्या वर दोन चौकटी आहेत, आईची आणि बापाची. त्यांच्यात नाव नाही, फक्त गावाचे नाव लिहिले आहे. पूर्वी मला वाटायचे की आपली गोष्ट मिशनच्या फाटकापाशी सुरू होते. ह्यूम वाचल्यावर ती फाटकाच्या अलीकडे, त्या दोन रिकाम्या चौकटींपासून सुरू होते असे वाटू लागले आहे. आता कोणी मूळचे कोण म्हणून विचारले की मी गावाचे नाव सांगतो आणि वेळ असेल तर ही सगळी गोष्ट.

मित्रमैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक कराच. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसा. मागच्या चार पिढ्यांची नावे, गावे आणि कोण कशाने गेले ते लिहून घ्या. बायकांची नावे आवर्जून विचारा, ती आधी विसरली जातात. घराण्यात कोणी परका येऊन उभा राहिला असेल, शिक्षक, डॉक्टर, सावकाराच्या तावडीतून सोडवणारा, दुष्काळात धान्य देणारा, तर त्याचेही नाव लिहा. रेघ जोडता आली नाही तरी चौकट काढा. फुलस्केपचे एक पान पुरत नाही, ड्रॉइंग शीटच न्या.